दोनशे सतरा

“पुढं बसा ना, बाई,” तो म्हणाला, आणि निदियाचा हात मागच्या दाराच्या कडीवर तसाच राहिला.

पुढं बसायला सांगितलं म्हणून नव्हे. अ‍ॅपच्या गाडीत साऱ्या बोगोतात हीच रीत आहे. भाडं घ्यायचा परवाना पिवळ्या टॅक्सीला, या गाड्यांना तो नाही. म्हणून प्रवाशानं मागं साहेबासारखं न बसता गाडीवाल्याच्या शेजारी बसायचं, त्याचा मेव्हणा नाहीतर मावशी असल्यासारखं तोंड करायचं, म्हणजे वाहतूक पोलिसांची नजर वरून घसरून जाते. निदिया गेले कित्येक शनिवार अशीच पुढं बसत आली होती, हात मात्र अजून जुन्या सवयीनं आधी मागच्या दाराकडं जायचा. तिचा हात थांबला तो त्या ‘ना’मुळं. बोलणं संपताना शेवटचा सूर खाली न टाकता थोडा वर धरून ठेवायचा, समोरच्यानं हात पुढं करून घ्यावा तसा. या शहरात असं बोलणारा माणूस तिनं एकच ऐकला होता. पाहिला नव्हता.

ती गाडीला वळसा घालून पुढं आली, बसली. पट्टा लावायची खाच तिला सापडेना. “द्या इकडं, सुमेर्से,” म्हणत त्यानं तो लावून दिला. सुमेर्से. बोयाकाच्या डोंगरातून आलेली जुनी माणसं ‘तुम्ही’च्या जागी अजून हा शब्द वापरतात. बटाट्याच्या शेतांचा आणि ओल्या घोंगडीचा वास असलेला शब्द. दुसऱ्यांदा ऐकल्यावर शंका उरली नाही. दोनशे सतरा. सगळं एकदम शांत झालं, वीज गेल्यावर घर होतं तसं.

“निदिया, बरोबर?” त्यानं फोनच्या पडद्यावर बघून विचारलं. तिनं मान हलवली. तिच्याही फोनवर त्याचं सगळं आलेलं होतं, नाव, फोटो, गाडीचा रंग, नंबरप्लेट. गाडी बोलावली की क्षणात सगळा माणूस तळहातावर येतो. ती फोटो कधी बघत नसे. फोटोवरून तिला काय ओळखू येणार होतं? ती बसायची, दार ओढून घ्यायची आणि गाडीवाल्यानं बोलायची वाट बघायची. कुणी व्हेनेझुएलाचा पोरगा असायचा, कुणी बँकेतून काढून टाकलेला कारकून, कुणी शिकत असलेला. दोन वाक्यं ऐकली की तिचं काम झालेलं असायचं. उरलेला रस्ता ती खिडकीतून बाहेर बघत काढायची आणि भलत्याच कुठल्यातरी पत्त्यावर उतरून बसनं घरी यायची.

“बरं, मग आपलं ठरवून ठेवू,” तो गाडी गर्दीतून काढत म्हणाला. “पोलिसानं थांबवलंच तर मी कांपो एलियास. तुम्ही माझ्या बायकोच्या मैत्रीण, चर्चमधल्या. तुम्हाला रेस्त्रेपो वस्तीत बहिणीकडं सोडायला चाललोय. भाडं-बिडं काही नाही. चालेल?” तिनं पुन्हा मान हलवली. “नाव तेवढं लक्षात ठेवा. मागं एका आजीला मी माझी आत्या केली होती. पोलिसानं विचारलं, हा कोण? तर म्हणते, कोण ते ठाऊक नाही बाबा, पण पोरगा गुणाचा आहे.” तो आपल्याशीच हसला. “पोरगा. हे केस बघा.”

तिनं केस बघितले. पांढरे, पाण्यानं चापून बसवलेले. कान मोठे. राखाडी स्वेटरची बाही कोपराशी विणून दुरुस्त केलेली, आणि गिअरवरच्या हातावर उन्हाचे तपकिरी डाग. यातलं काहीच तिनं मनात धरलं नव्हतं. तिच्या मनातला माणूस उंच होता, किंवा त्याला उंचीच नव्हती. तिला जरा फसवल्यासारखं वाटलं. मग वाटलं, या माणसाचा यात काय दोष? आपण आवाजापाठीमागं एक माणूस उभा केला, तो काही यानं पाठवलेला नव्हता. ‘बायको’ हा शब्द मात्र मघापासून बोटात गेलेल्या कुसळासारखा आत राहिला होता, आणि तिनं विचारल्यासारखं तोच म्हणाला, “बायको म्हणजे म्हणायला. स्पेनला असते ती. तिकडच्या म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली आणि त्यांच्यातच म्हातारी झाली.”

निदिया ज्या टॅक्सी कंपनीत कामाला होती तिच्या वायरलेसची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. तिला खिडकी नव्हती. पूर्वी तिथं कापडाचे तागे ठेवत, आणि पावसाळी दिवसांत भिंतींना अजून खळीचा वास यायचा. सहा बायका, सहा हेडफोन, मधे गुळाच्या गरम पाण्याची किटली. एका कानात गिऱ्हाईक बोलायचं, दुसऱ्या कानात टॅक्सीवाले. गिऱ्हाईक म्हणायचं, मला इथून तिथं जायचंय. टॅक्सीवाले म्हणायचे, सेंट्रल, मी जवळच आहे, मला द्या. सेंट्रल म्हणजे त्या साऱ्या बायका मिळून एक. नाव सांगायची बंदी होती, कारण एका टॅक्सीवाल्याची बायको एकदा जिना चढून वर आली होती आणि तिनं एका पोरीच्या झिंज्या उपटल्या होत्या. तेव्हापासून तिकडून नंबर, इकडून सेंट्रल. त्या नंबरापलीकडचा माणूस कोण हे कंपनीलाही धड माहीत नसे. दप्तरी नाव मालकाचं, आणि दोनशे सतराची मालकीण तर एक जाडजूड बाई होती, तिच्या कितीतरी टॅक्सी, कुणाला चालवायला देते ते तिचं तिला ठाऊक.

इतर जण भाडं मागायचे, भांडायचे, सेंट्रल माझी राणी, सेंट्रल माझं काळीज, असलं काहीबाही बोलून चांगलं भाडं काढू बघायचे. दोनशे सतरा तसं बोलायचा नाही. तो मधेच, काही काम नसताना, बाहेरचं सांगायचा. सेंट्रल, मोन्सेरातेच्या डोंगरावर ढग बसलाय, टोपी घातल्यासारखा, देवळाचं नुसतं टोक दिसतंय. सेंट्रल, सव्वीसाव्या रस्त्यावर एक माणूस पाठीवर फ्रीज घेऊन चाललाय आणि वर शीळ घालतोय. सेंट्रल, उत्तरेला ऊन आहे, दक्षिणेला नाही, मधोमध मी आहे. आणि शेवटचा सूर तसा वर धरून ठेवलेला. निदिया माईकचं बटण दाबायची आणि म्हणायची, “समजलं, दोनशे सतरा.” एवढंच. जास्त बोललं तर बाकीच्यांची भाडी अडायची, आणि मुकादमबाई काचेच्या पलीकडून बघत असायच्या. शेजारची आम्पारो हेडफोन कानावरून सरकवून म्हणायची, “काय गं, तुझ्या हवामानखात्यानं आज काय कळवलं?” सगळ्या हसायच्या. निदियाही हसायची. पण पाळी संपवून ती खाली उतरली की आधी वर डोंगराकडं बघायची. ढग कधी तसाच बसलेला असायचा. कधी गेलेला असायचा, तेव्हा आपल्या ताटातलं कुणी उचलून नेल्यासारखं तिला व्हायचं. घरी आई विचारायची, “दिवसभर कुणाशी एवढं बोलतेस, की घरात तोंड उघडत नाहीस?” ती म्हणायची, “साऱ्या गावाशी.” ते खरंही होतं आणि खोटंही.

आता तो साऱ्या गावाशी बोलणारा आवाज तिच्या घशात गप्प होता. त्या खोलीतल्या बायकांना दोन आवाज होते. माईक तोंडाशी आला की एक आपोआप वर चढायचा, कोवळा व्हायचा, त्यात साय यायची. घरचा आवाज वेगळा. निदियाचा घरचा आवाज जाडा आणि किंचित बसका, बाजारात भाव विचारायचा. वर्षं गेली तशी ती जाडी झाली, केस विरळ झाले, गालावर तीळ वाढले, पण माईकमधला आवाज होता तिथंच राहिला. तो पंचविशीतच थांबला होता आणि मागं वळून तिची वाट बघत नव्हता. म्हणून आज ती नुसती मान हलवत होती. घरच्या आवाजात बोलली असती तर त्यानं ओळखलं नसतंच. दुसऱ्या आवाजात एक शब्द बोलायची खोटी होती.

फोनमधली बाई बोलली, “पुढच्या चौकात डावीकडे वळा.” नकाशावाली बाई. तिचा आवाज गुळगुळीत होता, कुणी त्यावर कधी हात फिरवला नाही असा. “बरं, बरं,” तो तिला म्हणाला आणि डावीकडं वळला. निदियाला राग आला. आपल्याला राग आला याचं तिला नवलही वाटलं. ही कोण? हिला कधी कुणी विचारलं का की बाई, तू दमलीस का? ती पाळी बदलून कधी जिना उतरत नाही. ती चुकीचा रस्ता सांगते तेव्हाही तिच्या आवाजात खोट येत नाही. आणि हा तिला बरं, बरं म्हणतो, आणि तीसुद्धा ह्याला काही विचारत नाही, ढग कुठं बसलाय आज, म्हणून. निदियानं चोरून त्याच्याकडं बघितलं. तो डोंगराकडं बघत नव्हता. डोंगर डाव्या हाताला होते, स्वच्छ, पार वरची झाडं मोजता येतील असे, आणि तो फोनच्या पडद्यावरच्या निळ्या रेघेकडं बघत होता.

बदललं ते ही फोनमधली बाई आली तेव्हापासूनच. पहिल्यांदा ही अ‍ॅपं आली तेव्हा वायरलेसवर कुणी मनावर घेतलं नाही. पोरांचा खेळ, चार दिवस चालेल, असं म्हणाले. मग भाडी आटायला लागली. मग वायरलेसवर शिव्या सुरू झाल्या. सेंट्रल, अमक्या कोपऱ्यावर एक पांढरी गाडी प्रवासी घेतेय, कळवा सगळ्यांना. की पाचदहा पिवळ्या टॅक्सी मोहोळ उठल्यासारख्या तिकडं. कंपनीनं सांगितलं, कळवायचं, आपल्या माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे. ज्यानं आयुष्याची पुंजी घालून परवाना घेतला त्याच्या परवान्याला आता कुणी विचारत नव्हतं, तो चिडणार नाही तर काय करणार? बायकांनी कळवलं. त्या आरडाओरड्यात कुणी ढगाचं बोलेल अशी जागाच राहिली नाही. दोनशे सतरा बोलायचा तो कमी होत गेला, आणि एका सोमवारी तो आलाच नाही. तिनं हाक घातली, “दोनशे सतरा, ऐकताय?” दुसऱ्याच कुणीतरी मधे तोंड घातलं. “तो कसला ऐकतोय आता? फितूर झाला. पांढरी गाडी घेतलीय त्यानं. आता त्याला फोन ऐकवतो.” हशा. “समजलं,” निदिया म्हणाली. पुढं कोणता नंबर लावायचा ते तिला सुचलं नाही.

मग कंपनीनं स्वतःचंच अ‍ॅप काढलं आणि वायरलेसची खोली बंद केली. पिवळ्या मलईचा केक कापला, मालक चार शब्द बोलले, आम्पारो रडली आणि रडता रडता दोन तुकडे खाल्ले. निदियाला घरी गेल्यावर पहिले काही दिवस कानावर हेडफोन असल्यासारखंच वाटायचं. आई तोवर गेली होती. घरात इतकी शांतता होती की फ्रीज चालू झाला की सोबत वाटायची. डोंगर खिडकीतून दिसत होता, केव्हाही, हवा तेवढा. पण नुसता दिसणारा डोंगर म्हणजे काय? कुणी सांगितल्याशिवाय तो तिला पोहोचतच नसे. असं कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी डॉक्टरकडं नेलं असतं. म्हणून कुणाला न सांगता ती शनिवारी दुपारी सिएते दे आगोस्तोच्या बाजाराशी यायला लागली, कारण गाडीचं काहीतरी काम काढून तो नेहमी तिथल्या गॅरेजांतून बोलायचा. एवढ्या मोठ्या गावात एक आवाज, आणि तो हुडकायला कान. गवताच्या गंजीत सुई शोधणाऱ्याला निदान सुई कशी दिसते ते ठाऊक असतं.

आणि आता सुई सापडली होती आणि ती तोंड शिवून बसली होती. स्टेडियम मागं गेलं. विद्यापीठाची पांढरी भिंत सुरू झाली, तिच्यावर पोरांनी काळ्या अक्षरांत काहीबाही लिहिलेलं. ती मनाशी म्हणाली, भिंत संपली की बोलायचं. भिंत संपली. ती म्हणाली, फुलांच्या मंडईपाशी. मंडईपाशी एक बाई दोन्ही कवेत लिलीच्या जुड्या घेऊन रस्ता ओलांडत होती, आणि तिच्यासाठी त्यानं गाडी थांबवली आणि काही न बोलता पुन्हा चालू केली. मंडईही मागं गेली. आपण बोललो आणि हा म्हणाला, सेंट्रल का, अच्छा अच्छा, आणि फोनकडं वळला, तर? किंवा बोललो आणि हा बघतच राहिला, या तोंडाकडं, या तिळांकडं? तिच्यापाशी त्याचा आवाज होता तसा त्याच्यापाशीही तिचा असेल. कुठंतरी ठेवलेला, कदाचित अडगळीत, पण धड. आपण तोंड उघडलं की तो तिथल्या तिथं फुटेल, आणि आपल्या हातानं. न उघडलं तर रेस्त्रेपो येईल, तो पट्टा सोडवायला मदत करेल, म्हणेल जपून जा सुमेर्से, आणि पुन्हा अ‍ॅपमध्ये त्याला कुठून धरायचं? या गावात अशा गाड्या मुंग्यांसारख्या. कांपो एलियास, ती मनात म्हणून बघत होती. कांपो एलियास. नाव चांगलं होतं, पण ते त्या आवाजाला बसत नव्हतं, उसन्या कोटासारखं खांद्यावरून उतरत होतं.

उड्डाणपूल उतरला तिथं पोलिस उभे होते.

एकानं हात केला. “आलं बालंट,” कांपो एलियास पुटपुटला, फोन काढून मांडीखाली सरकवला, पण फोन अडकवायचा आकडा काचेवर तसाच चिकटलेला राहिला. “चर्च, बायकोची मैत्रीण. घाबरू नका.” पोलिसानं त्याला खाली उतरवून कागद घेऊन पुढं बॉनेटपाशी नेलं. निदियाच्या खिडकीशी एक तरुण पोलिसबाई आली, केसांचा घट्ट अंबाडा, दातांना तारा. चांगल्या घरची दिसत होती. तिनं आधी नमस्कार केला.

“मावशी, हे गाडी चालवणारे तुमचे कोण?”

“ओळखीचे,” निदिया म्हणाली. बाजारात भाव विचारायच्या आवाजात.

“हो का. नाव काय यांचं?”

नाव तिला येत होतं. आताच तर इतक्यांदा घोकलं होतं. पण हा प्रश्न तिला आयुष्यभर दिवसातून शंभर वेळा पडलेला होता, कोण आहे तिकडं, कोण जाईल, कोण बोलतंय, आणि बैल न हाकता आपल्या वाटेनं घरी येतो तशी तिची जीभ तिच्या वाटेनं गेली. घसा आपोआप वर चढला. त्यात साय आली.

“दोनशे सतरा,” ती म्हणाली.

बॉनेटपाशी तो सगळाच्या सगळा वळला. नुसती मान नाही, अख्खा माणूस. हातातला कागद खाली पडला तो त्यानं उचलला नाही.

“दोनशे सतरा?” पोलिसबाईला हसू आलं. “तुरुंगात होते का हे?”

“नाही हो. टॅक्सीचा नंबर. आमच्या वायरलेसवर होते ते. मी सेंट्रल होते.” तिला वाटलं होतं, आता आवाज खाली उतरेल. तो उतरला नाही. इतके दिवस कोंडलेलं पाणी होतं ते. ती बोलत गेली, पोलिसबाईच्या बिल्ल्याकडं बघत, कारण त्याच्याकडं बघवत नव्हतं. म्हणाली, मला यांची सगळी माहिती आहे. भूक लागली की हे भराभर बोलतात. खोकला आला की बटण सोडतात, आपल्या कानात जाऊ नये म्हणून. यांची आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी हे कामावर आले होते, कुणाला बोलले नाहीत, मला ते मागाहून दुसऱ्या टॅक्सीवाल्यांकडून कळलं. नुसतं म्हणाले, सेंट्रल, आज मला काही दिसत नाही बाहेर. तेव्हा मी दिवसभर यांना जवळचीच भाडी दिली, साधी, म्हाताऱ्या बायकांची. कंपनी मला ओरडली. यांना ते ठाऊक नाही. खिडकी नव्हती आमच्या खोलीला. हे सांगायचे तेवढाच मला उजेड. म्हणून म्हणते, ओळखीचे आहेत. माझ्या एवढ्या ओळखीचं दुसरं कुणी नाही.

पोलिसबाई ऐकत होती. तिच्या हातातलं पेन खाली आलं होतं. “फार वर्षांची ओळख म्हणायची, मावशी.”

“हो ना.”

“मग शेवटचं भेटला होतात कधी?”

“भेटलो नव्हतो,” निदिया म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. “आजच. आज पहिल्यांदा बघितलं मी यांना.”

हे बोलून झाल्यावर काय झालं ते तिला पोलिसबाईच्या तोंडावर दिसलं. तिथं मघाची मुलगी राहिली नाही. “म्हणजे गाडी अ‍ॅपवर बोलावलीत,” ती हळूच म्हणाली आणि पेन वर घेतलं. साऱ्या गावानं पोलिसाला सांगायला खोट्या ओळखी पाठ करून ठेवल्या होत्या, आत्या, मावशी, चर्चमधली मैत्रीण, आणि त्या चालत होत्या. तिच्यापाशी एक खरी होती, तीच चालेना. पुढं बॉनेटपाशी तो एका शब्दानं वाद घालत नव्हता. तिच्याकडं बघत उभा होता. दुसऱ्या पोलिसाला त्याला दोनदा सांगावं लागलं, की गाडीतलं सामान काढून घ्या, उचलायची गाडी येतेय.

क्रेननं येऊन गाडी पुढून वर उचलली तेव्हा ती लहान दिसली, पायाला दोरी बांधून उलटं धरलेल्या कोंबडीसारखी. ती गेली. फुटपाथवर तो प्लॅस्टिकची पिशवी धरून उभा राहिला, तिच्यात बसायची उशी, एक छत्री, थर्मास आणि गाडीवाल्यांना राखणाऱ्या कार्मेनच्या मातेची छोटी मूर्ती. त्यानं जावयाला फोन लावला. गाडी जावयाच्या नावावर होती, दोघं आळीपाळीनं चालवत, तो सकाळी आणि हा दुपारी. “हां. उचलली रे. नाही, पुलाखाली… बाईचं काही नाही, बाई चांगली होती. मीच फोन समोर लावून ठेवला होता. माझीच अक्कल… शिव्या घालायच्या त्या घरी आल्यावर घाल, इथं लोक बघतायत.” खोटं बोलतानाही शेवटचा सूर तसाच वर. निदिया ऐकत राहिली, आणि ऐकायला बरं वाटतंय याची तिला लाज वाटली. माणसाचं घर ज्यावर चालतं ते आपण त्याच्या हातातून घालवलं, आणि आपल्याला बरं वाटतंय.

“एक नाव सांगायचं होतं, बाई,” फोन ठेवून तो म्हणाला. “दोनच शब्द.”

“हो.”

“ती आत्या परवडली.”

“मी येते तुमच्या जावयाकडं. सांगते त्याला, जीभ माझी घसरली.”

“तो तुम्हाला कॉफी देईल आणि मला जोडे.”

बस गेल्या, ट्रक गेले. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली. “‘समजलं,’” तो म्हणाला. “तेवढंच म्हणायचात. किती वर्षं. मी आपला म्हणायचो, या बाईशी बोलतोय की भिंतीशी.”

“नियम होता.”

“नियम.” त्यानं पिशवीतून वर आलेली छत्री आत दाबली. “मी एकदा आलो होतो तिथं. तुमच्या इमारतीखालच्या बेकरीत. वायरलेसवर म्हणालो होतो, सेंट्रल, संध्याकाळी खालच्या बेकरीत चीजचे अल्मोहाबाना पाव गरम मिळतात म्हणे. म्हटलं, जिला कळायचं तिला कळेल. शटर पाडेपर्यंत बसलो.”

“मला कळलं होतं,” निदिया म्हणाली. आवाज आता तिचा घरचा होता, बसका, आणि तो ऐकून कांपो एलियास काही दचकला नाही. “मी उतरले होते खाली. काचेबाहेर उभी होते. तुम्ही पाच जण होतात आत, सगळ्यांची जॅकेटं एकसारखी, सगळे कॉफी पीत. कोणता ते कळेना.”

“मग आत यायचं. तोंड उघडायचं. मी एका शब्दात ओळखलं असतं.”

“म्हणूनच नाही आले.”

क्रेनची चाकं जिथून गेली तिथं रस्त्यावर तेलाचा एक ओघळ उरला होता, त्याच्याकडं दोघं बघत राहिली.

“आज उघडलंत,” तो म्हणाला.

“आज उघडलं.”

त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तिच्या बाजूचा हात मोकळा झाला, पण तो नुसताच लोंबत राहिला. “बस पुलापलीकडून मिळते,” तो म्हणाला, आणि दोघं चालू लागली. तो हळू चालत होता, एक पाय किंचित ओढत. तिला वाटलं, गुडघा दुखत असेल. मग वाटलं, आपल्यासाठी हळू चालत असेल. या माणसाच्या खोकल्याची तिला माहिती होती आणि भुकेची होती, पण तो चालतो कसा ते तिच्यापर्यंत कधी आलंच नव्हतं. बसून बोलणारा माणूस. पादचारी पुलाच्या पहिल्या पायरीशी तो थांबला आणि त्यानं कठडा धरला. तिनं ठरवलं की विचारायचं नाही. पायऱ्या पुष्कळ होत्या, चढताना कळेलच.